‘साहेब, दोन मिनिटं’: एका नेतृत्वगटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

यंत्रांचे सुटे भाग बनवणारी ही मध्यम आकाराची कंपनी. एक कारखाना, चार-पाच मोठी गिऱ्हाइकं, बाकी किरकोळ. संस्थापक निवृत्त झाल्यावर त्यांच्याच हाताखाली वाढलेले गृहस्थ एमडी, म्हणजे व्यवस्थापकीय संचालक, झाले. या प्रकरणात मी बाहेरचा सल्लागार म्हणून होतो. कंपनीची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एमडींच्या हाताखाली विक्री, उत्पादन, वित्त, दर्जा, खरेदी आणि मनुष्यबळ यांचे प्रमुख. सगळे अनुभवी, बहुतेकांची हयात तिथेच गेलेली. कामचुकार कोणी नाही, कोणाच्या सचोटीबद्दल कुजबुजही नाही. हे आधीच सांगतो, कारण वरच्या माणसांत पटत नाही म्हटलं की ऐकणारा पहिल्यांदा खलनायक शोधायला लागतो. इथे तो नव्हता, आणि म्हणूनच प्रकरण अवघड होतं.

एमडींची तक्रार अशी: “एकेकट्याशी बोललं तर प्रत्येक जण मुद्द्याचं बोलतो. एका खोलीत बसवलं की सगळे मुके.”

सोमवारची रिव्ह्यू मीटिंग मी बघितली. अकरा माणसं, प्रत्येकाची स्लाइड, जवळजवळ सगळं हिरवं, म्हणजे ‘ठीक चाललंय’. एमडींनी विचारलं, “काही अडचण?” कोणीच काही बोललं नाही. मीटिंग वेळेआधी संपली. पण पुढचा तासभर एमडींच्या कॅबिनबाहेर येरझारा चालू होत्या. एक बाहेर आला की दुसरा दार ढकलून आत डोकावायचा: “साहेब, दोन मिनिटं.” खरी मीटिंग तीच होती. फक्त ती तुकड्यातुकड्यांत व्हायची आणि प्रत्येक तुकड्यात एकाच बाजूचा माणूस असायचा.

अडचण काय होती

वरवर पाहता भांडण तारखांचं होतं. समजा एखादा भाग तयार व्हायला खरे १८ दिवस लागतात. उत्पादनप्रमुख विक्रीला २५ सांगायचे, कारण मध्येच कोणीतरी ‘अर्जंट’ घुसवणार हे त्यांना ठाऊक होतं. विक्रीप्रमुखांना ठाऊक होतं की या २५ मध्ये हवा भरलेली आहे, म्हणून ते गिऱ्हाइकाला २० सांगून मोकळे व्हायचे. मग एखादं मशीन बंद पडायचं, तारीख चुकायची, आणि पुढच्या वेळी उत्पादनाकडून ३० यायचे. वित्तप्रमुख मॅडमचंही असंच. मागतात त्याच्या निम्म्याचीच गरज असते असं गृहीत धरून त्या खरेदीच्या मागण्या अडवून ठेवायच्या. खरेदीवाले ते ओळखून दुप्पट मागायचे. महिन्याचा जवळपास निम्मा माल शेवटच्या आठवड्यात डिस्पॅच व्हायचा, तोही ओव्हरटाइम लावून.

यात खोटं कोण बोलत होतं? सगळेच थोडंथोडं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या खोट्यापासून स्वतःला वाचवायला.

विश्वासाबद्दल बोलताना मेयर, डेव्हिस आणि शूरमन या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलेली फोड मला अजूनही उपयोगी पडते. समोरच्यावर आपण विश्वास टाकतो तो तीन गोष्टींच्या अंदाजावर: त्याची क्षमता, त्याची सचोटी आणि आपल्याबद्दलची त्याची हितबुद्धी. प्रत्येक प्रमुखाला मी उरलेल्यांबद्दल तीन साधे प्रश्न विचारले. त्याला काम येतं का? तो शब्दाचा पक्का आहे का? आणि तुमचं नुकसान होतंय असं दिसलं तर तो थांबेल का? पहिल्या दोन प्रश्नांना बहुतेकांनी बिनदिक्कत ‘हो’ म्हटलं. तिसऱ्याला विक्रीप्रमुख हसले. म्हणाले, “तो का थांबेल? त्याचा बोनस टनावर आहे.”

ते खरंच होतं. विक्रीचा बोनस बुक झालेल्या ऑर्डरवर, उत्पादनाचा महिन्याच्या टनेजवर, वित्ताचा अडकलेल्या भांडवलावर, दर्जाचा रिजेक्शनवर. सोपे, जड भाग धडाधड काढले की टनेज भरायचं, मग गिऱ्हाइकाला हवा असलेला किचकट भाग मागे पडला तरी चालायचं. एकमेकांची काळजी घेणं हे प्रत्येकाला स्वतःच्या खिशातून करावं लागत होतं.

दुसरं कारण खुद्द एमडी. माणूस भला, ऐकून घेणारा. तेच अंगाशी आलं. कॅबिनमधून बाहेर पडणारा प्रत्येक जण ‘साहेबांना पटलंय’ असं समजून बाहेर पडायचा. कारखान्यात शिफ्ट सुपरवायझरकडे मी एक प्लॅनचा कागद बघितला. छापील पार्ट नंबर पेनने खोडलेला, वर दुसरा लिहिलेला, शेजारी शेरा: ‘एमडी सरांशी बोलणं झालंय.’ त्याच्याही खाली वेगळ्या अक्षरात तिसरा नंबर आणि तोच शेरा. सुपरवायझर म्हणाला, “दोघंही खरं बोलतायत हो. मी कोणाचं लावू?”

ठिणगी पडली ती एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या तिमाही बैठकीत. त्यांनी दोन ईमेल छापून समोर ठेवले. एक विक्रीकडून, एक उत्पादनाकडून. एकाच दिवशी, एकाच मालाबद्दल, दोन वेगवेगळ्या तारखा. “तुमच्यात बोलणं होतं का?” एवढंच त्यांनी विचारलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांच्या मनात होता आणि कोणी उघड बोलत नव्हतं: विक्रीप्रमुखांना बदलायचं. आक्रमक स्वभाव, गिऱ्हाइकाला शब्द देऊन मोकळं होण्याची सवय. पण त्यांच्या आधीच्या विक्रीप्रमुखाचंही उत्पादनाशी असंच वाजत होतं हे जुन्या लोकांशी बोलल्यावर कळलं. खुर्चीवरचा माणूस बदलूनही भांडण तेच राहत असेल तर दोष खुर्चीच्या मांडणीत शोधायला हवा.

दुसरा पर्याय दोन दिवस बाहेरगावी जाऊन संघभावनेचे खेळ खेळण्याचा. तो आधीच्या वर्षी झाला होता. सगळ्यांना मजा आली होती, आणि सोमवारी पुन्हा ‘साहेब, दोन मिनिटं’. अशा सहलींना माझा विरोध नाही. ओळख वाढते, पुढचा फोन करणं सोपं जातं. पण ज्यांचे बोनस एकमेकांच्या विरोधात बांधलेले आहेत त्यांना दोरी ओढायला लावून फारसं साधत नाही.

तिसरा पर्याय सीओओ, म्हणजे रोजचं कामकाज सांभाळणारा मुख्य अधिकारी, नेमण्याचा. विक्री आणि उत्पादन दोन्ही त्याच्या हाताखाली, म्हणजे लवाद एमडींऐवजी तो. एमडींना हा फार आवडला होता. माझं मत विरुद्ध होतं: कॅबिन बदलेल, रांग तीच राहील.

चौथा पर्याय वैयक्तिक कोचिंगचा. तो आम्ही फक्त एमडींपुरता ठेवला.

पाचवा, जो शेवटी घेतला: गटाला एक खरं, सामाईक काम द्यायचं, त्याचे निर्णय एकाच टेबलावर घ्यायचे आणि बोनसची रचना त्याला जुळवायची. विश्वास आधी आणि काम मागून, असा क्रम धरायचा नाही. वेळ लागणार होता, आणि मधल्या काळात एखादं मोठं गिऱ्हाइक सुटण्याचा धोकाही होता. वित्तप्रमुखांनी तो बोलूनही दाखवला.

काय केलं

मुलाखतींतली विधानं नावं काढून गटासमोर वाचून दाखवावीत असं मनुष्यबळ प्रमुखांचं म्हणणं होतं. आम्ही ते टाळलं. इतक्या लहान गटात बोलण्याच्या ढबीवरूनच माणूस ओळखू येतो, आणि मग चर्चा ‘हे कोण म्हणालं’ यावर जाते. त्याऐवजी खाडाखोड झालेला तो प्लॅनचा कागद आणि गिऱ्हाइकाने छापलेले दोन ईमेल टेबलावर ठेवले. कोणाच्या स्वभावाबद्दल एक शब्दही नाही. उत्पादनप्रमुखांनी कागद उचलला, उलटसुलट बघितला आणि म्हणाले, “यातलं मधलं अक्षर माझं आहे.” पहिल्याच बैठकीत हे येईल अशी अपेक्षा कोणीच केली नव्हती.

मग गटात कोण, हा प्रश्न. प्रत्येकाला कागदावर नावं लिहायला सांगितली, तर कुठे पाच, कुठे आठ, कुठे अकरा नावं आली. हे काही याच कंपनीचं वैशिष्ट्य नाही. संघांचे अभ्यासक रिचर्ड हॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० च्या आसपास वरिष्ठ नेतृत्वगट अभ्यासले, तेव्हा आपल्या गटात नेमकं कोण आहे यावर एकमत असलेले गट १० टक्क्यांहूनही कमी निघाले होते. इथे एमडी आणि सहा विभागप्रमुख असा सात जणांचा गट ठरला. सोमवारच्या मीटिंगला येणारे उरलेले चौघं बाहेर राहिले. निर्णय योग्य होता, पण तो त्यांना कळला कॅलेंडरवरचं निमंत्रण गायब झाल्यावर. त्यातले एक, संस्थापकांच्या काळापासूनचे, कित्येक महिने दुखावलेले होते.

सात जणांचं सामाईक काम एका ओळीत लिहिलं: ठरलेल्या तारखेला, ठरलेला माल, पूर्ण. आणि एक नियम ठेवला: ज्याच्या कामावर परिणाम होतो तो माणूस हजर नसताना प्लॅन बदलायचा नाही. एमडी कॅबिनमध्ये कोणालाही भेटू शकतात, ऐकू शकतात, पण निर्णय तिथे द्यायचा नाही. तातडीचं असेल तर तिघांचा फोन: एमडी, विक्री, उत्पादन. दोन मिनिटं लागली तरी चालतील, पण तिघं एकाच वेळी लाइनवर हवेत.

नियम तिसऱ्या आठवड्यात मोडला, आणि मोडला तो एमडींनी. विक्रीप्रमुख एका गिऱ्हाइकाच्या गेटवरून फोन करत होते, आवाज चढलेला होता. एमडींनी थेट कारखान्यात फोन लावून शिफ्टचा प्लॅन फिरवला. उत्पादनप्रमुखांना ते दुसऱ्या दिवशी सकाळी, मशीनवर वेगळाच भाग लागलेला बघून कळलं.

पुढच्या बैठकीत ते वही बंद करून बसले होते. विषय काढायचा की नाही हा एमडींपुढचा प्रश्न. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं होतं, “मीच कबूल केलं तर वजन राहील का माझं?” मी म्हटलं, सहा जणांना आधीच माहीत आहे. तुम्ही गप्प राहिलात तर नियम संपला एवढंच त्यांना कळेल.

बैठक सुरू झाल्यावर एमडी उत्पादनप्रमुखांकडे वळले. “परवा तुम्हाला न विचारता मी प्लॅन बदलला. तुमचे किती तास गेले?”

“साडेचार, सर. सेटिंग बदलायलाच.”

“आणि ज्यासाठी बदलला तो माल गेला का?”

विक्रीप्रमुखांनी मान हलवली. “नाही. गाडी आली तेव्हा पॅकिंग झालेलं नव्हतं.”

वित्तप्रमुख मॅडम म्हणाल्या, “म्हणजे तिघांनाही काहीच मिळालं नाही.” कोणी आवाज चढवला नाही. कोणी सारवासारवही केली नाही. मग एमडींनी सुपरवायझरला द्यायची सूचना तिथेच ठरवून घेतली: एकट्या एमडींच्या फोनवर प्लॅन बदलायचा नाही, उत्पादनप्रमुखांचा होकार हवाच. स्वतःचा अधिकार कमी करणारी सूचना त्यांनी स्वतःच दिली. माझ्या मते या प्रकरणातलं वळण हेच. पुढच्याच बैठकीत दर्जाप्रमुखांनी पहिल्यांदा स्वतःहून सांगितलं की एका बॅचबद्दल त्यांना शंका आहे.

त्यानंतर खऱ्या दिवसांचा विषय काढता आला. उत्पादनप्रमुख अजूनही बिचकत होते. “१८ चा आकडा उघडा केला की उद्या तोच माझ्या गळ्यात येणार,” ते म्हणाले, आणि अनुभवावरून त्यांचं बरोबरच होतं. बरीच घासाघीस झाली. शेवटी दोन अटी ठरल्या. एक तिमाहीपर्यंत, उघड केलेल्या आकड्यांचा आधार घेऊन उत्पादनाच्या होकाराशिवाय कोणतीही तारीख अलीकडे आणायची नाही. आणि उशीर होणार हे आठवडाभर आधी सांगितलं तर ते अपयशात धरायचं नाही, लपवलं तर धरायचं. विक्रीच्या बाजूनेही एक गोष्ट उघडी झाली: प्रत्येक ‘अर्जंट’ ऑर्डरपुढे गिऱ्हाइकाकडच्या माणसाचं नाव आणि त्याला माल नेमका कधी लागणार ते लिहायचं. बऱ्याच ‘अर्जंट’ ऑर्डर्सना असं लिहिण्याजोगं काही नव्हतंच.

पहिल्या महिन्यात मीटिंगच्या स्लाइड्सवर हिरवं कमी आणि लाल खूप झालं. संचालक मंडळातल्या एका सदस्याने विचारलंही, “हे सुधारणं आहे का बिघडणं?” संशोधक एमी एडमंडसन यांचा १९९६ चा रुग्णालयांतल्या औषधचुकांवरचा अभ्यास इथे कामी आला. ज्या वॉर्डांत नेतृत्व आणि आपसातले संबंध चांगले, तिथे नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या होत्या. तिथली माणसं चुका बोलून दाखवायला घाबरत नव्हती, हे त्यामागचं कारण. एमडींनी मंडळाला तेवढंच सांगून दोन तिमाही मागून घेतल्या.

बोनसचा बदल सगळ्यात शेवटी आला. व्हेरिएबल पगाराचा, म्हणजे बोनसचा, किती भाग सामाईक लक्ष्याला बांधायचा? मॅडमना निम्मा हवा होता, विक्रीप्रमुखांना अजिबात नको होता. दुसऱ्याच्या चुकीचा दंड मी का भरू, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. एक तृतीयांशावर तडजोड झाली आणि तीही पुढच्या आर्थिक वर्षापासून.

निकाल

वर्षाच्या शेवटी तारखा पाळण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं होतं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातला गोंधळ संपला नाही, पण निवळला, आणि ओव्हरटाइम उतरला. ज्या गिऱ्हाइकाने दोन ईमेल दाखवले होते ते टिकलं. एक लहान गिऱ्हाइक मात्र पहिल्या तिमाहीत गेलं, कारण त्यांना खरी तारीख सांगितली आणि ती त्यांना परवडली नाही. गटाने ते नुकसान सोसलं. कोणी कोणावर ढकललं नाही, हे मला विशेष वाटलं.

फरक आधी जाणवला तो खालच्या फळीला. “वरून आता एकच उत्तर येतं,” सुपरवायझर म्हणाला.

विक्रीप्रमुख दीड वर्षाने नोकरी सोडून गेले. हे यश की अपयश, यावर गटात मतभेद आहेत. जाताना त्यांनी आपल्या गिऱ्हाइकांची सगळी आतली माहिती उत्पादनप्रमुखांसमोर बसून दिली. दोन वर्षांपूर्वी ती माहिती ते बरोबर घेऊन गेले असते. उत्पादनप्रमुख आणि वित्तप्रमुख आजही मित्र नाहीत. खरेदीच्या मागणीवरून दर महिन्याला त्यांची जुंपते, फक्त आता टेबलावर आणि खऱ्या आकड्यांवर. मला हे पुरेसं वाटतं.

सगळं जमलं असंही नाही. दर्जाप्रमुख मोठ्या विषयांवर बोलतात, पण उत्पादनाशी थेट टक्कर येणार असेल तर अजूनही आधी एमडींच्या कॅबिनकडे वळतात. रिजेक्शनवरचा त्यांचा बोनस तसाच राहिला, हे त्यामागचं एक कारण असावं.

वेगळं काय करता आलं असतं

बोनसचा क्रम उलटा हवा होता असं वित्तप्रमुखांचं ठाम मत आहे. आधी रचना बदलली असती तर तिमाहीभराची घासाघीस वाचली असती, असं त्या म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. एमडींनी स्वतःचा अधिकार कमी करण्याआधी विक्रीप्रमुखांनी बोनसचा तिसरा हिस्सा दुसऱ्याच्या हातात दिला असता, असं मला वाटत नाही. मात्र चर्चा पहिल्या महिन्यातच सुरू करायला हरकत नव्हती. ती शेवटी आल्यामुळे एक अख्खं वर्ष माणसं जुन्या बोनसविरुद्ध वागत होती, आणि विक्रीप्रमुखांचं त्यात खरंच आर्थिक नुकसान झालं. त्या वर्षापुरती भरपाई देण्याची सूचना आली होती. खर्च नको म्हणून ती मागे पडली. त्यांच्या जाण्यात तिचा वाटा किती, हे सांगता येणार नाही, पण काहीच नव्हता असं म्हणणंही कठीण आहे.

गटाबाहेर राहिलेल्या चौघांना एमडींनी एकेकट्याला बोलावून आधी सांगायला हवं होतं. त्यांच्यासाठी महिन्यातून एक वेगळी बैठक पुढे सुरू झाली. ती पहिल्याच दिवसापासून जाहीर केली असती तर वगळल्याची भावना बरीच कमी झाली असती.

सुपरवायझरांना नियम एका ओळीच्या सूचनेने कळवला गेला. वरच्या सात जणांत काय बदललंय याची त्यांना कल्पना नव्हती. त्यामुळे पहिले काही आठवडे कोणी वरिष्ठाने फोन केला की ते घाबरून जुन्याच पद्धतीने प्लॅन फिरवत होते. उत्पादनप्रमुखांनी त्यांना एकत्र बसवून ‘माझ्याशिवाय कोणाचंही ऐकू नका, जबाबदारी माझी’ असं तोंडी सांगितल्यावरच ते थांबलं.

सध्या नवे विक्रीप्रमुख येण्याच्या बेतात आहेत. हे नियम नेमणुकीच्या कागदपत्रांबरोबरच लिहून द्यावेत असं एमडींचं म्हणणं आहे. उत्पादनप्रमुखांना ते मान्य नाही. त्यांच्या मते आधी नव्या माणसाला खऱ्या १८ दिवसांचा आकडा द्यावा, दोन महिने तो त्याचं काय करतो ते बघावं, आणि मग कागदाचं बोलावं. पुढच्या बैठकीत हा विषय आहे.